गजशाळेचा जास्तीचा फूट

प्रिय कुशल,

शारजातल्या घरून दुबईत जेएलटीला, आमच्या ऑफिसात पोचायला दीड तास लागतो. गेले चार दिवस त्या ट्रॅफिकमध्ये हेच पत्र मनात लिहितेय आणि खोडतेय. तुझा नोकरीचा अर्ज आमच्याच ऑफिसात आलाय, आणि मी पार गोंधळलेय. आमच्या शैलेंद्र सरांना एका हॉटेलसाठी विजयनगरी धाटणीचा हॉल करायचाय. क्लायंटचं आपलं एकच, यल्ला, चला लवकर, इंडियन पॅलेस द्या. देवराय कोण नि कृष्णदेवराय कोण, इथे कुणाला पत्ता नाही. मी तरी कुठली शहाणी? संगम, साळुव, तुळुव, अरविडू ही घराणी तू टूरच्या बसमध्ये माझ्याकडून घोकून घेतलीस, त्यांचीही माझ्या डोक्यात खिचडी झालीय. तुझ्यासारखा माणूस आम्हाला हवाच आहे. आणि तुलाही नोकरीची गरज आहे. पुण्यातलं तुझं ऑफिस बंद पडल्याचं आपल्या वर्गातल्या हेमाकडून कळलं.

हंपीची ती टूर तू विसरला नसशीलच. गजशाळेच्या अकरा खोल्या, कुठे गुळगुळीत घुमट तर कुठे पाकळ्यांचा. कॉलेजच्या टेपचा पहिला फूट तुटलेला होता. येईल त्या मापातून एक फूट वजा करायचा, हे तू मला दोनदा बजावलंस. मी हो हो म्हटलं आणि साफ विसरले. सबमिशनला आतल्या मापांची बेरीज बाहेरच्या लांबीत मावेना. कॉलेजचे सर भडकले, तेव्हा ‘मापं मी घेतली, अवनीने नाही’ असं तू सांगून टाकलंस. तुझं वर्ष गेलं, मी पुढच्या वर्गात. मी मात्र मिठाची गुळणी धरून बसले. अजून लाज वाटते रे.

मंगळवारी शैलेंद्र सरांनी विचारलं, तुम्ही दोघं एकाच कॉलेजचे, ओळखतेस का याला? मी नाही म्हटलं. का म्हटलं, देव जाणे. जुनी गोष्ट बाहेर पडेल ही भीती, की रोज तुझ्यासमोर बसायची? खरंच कळत नाही मला. सरांनी तुझ्या फाइलमधली गजशाळेची शीट काढून माझ्यापुढे ठेवली. वाया गेलेल्या वर्षात तू एकट्याने पुन्हा जाऊन केलेली, सगळी मापं बरोबर असलेली. खाली कोपऱ्यात दोन नावं होती, तुझं आणि माझं. सोमवारी तुझी ऑनलाइन मुलाखत आहे, आणि प्रश्न विचारायला सरांनी मलाच बसवलंय. मी तुला ओळखत नाही म्हणाले, हे त्याआधी तुला माझ्याकडूनच कळावं, म्हणून लिहितेय.

तुझीच,
अवनी