रोजनिशीचा चार्ज

तीर्थस्वरूप तात्या यांस,

बोईसरहून प्रदीपचा साष्टांग नमस्कार. तुमच्या गुडघ्याला आता उतार असेल आणि सुपाऱ्या सोलायला यंदा माणसं मिळाली असतील, अशी आशा करतो. इकडे मी ठणठणीत आहे. (हे वाक्य स्वातीला मोठ्याने वाचून दाखवा. बायको रुसून माहेरी गेली म्हणून नवरा खंगला, असा तिचा गैरसमज व्हायला नको.) फोन ती उचलत नाही, म्हणून हे पत्र.

तिने केळव्याला येऊन काय सांगितलं असेल ते मी इथे बसून सांगतो. 'यांना डायरीचं खूळ लागलंय.' तर मुद्द्याचं आधीच बोलतो, मी डायरी बंद करणार नाही. त्रिवार नाही! खूळ म्हणा, म्हातारचळ म्हणा. निवृत्त झाल्यावर मोनालीनेच, म्हणजे तुमच्या लाडक्या भाचीनेच, ती जाडजूड वही आणून दिली आणि म्हणाली की बाबा, रोज हाताने लिहा, डोकं हलकं होईल. झालं की हो! पूर्वी राग आला की मी तो ताटावर काढायचो, आता कागदावर काढतो. पूर्वी अंथरुणात तळमळायचो, आता घोरतो. (त्याचीही तक्रार आहेच. माणसाने करायचं तरी काय?) औषध घेतलं की नाही ते कळतं, चष्मा कुठे ठेवला ते सापडतं. वही वाचायला आधी चष्मा लागतो ही गोष्ट वेगळी.

आता मी लिहिणार ते माझ्या सवयीने. उभा जन्म तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, केमिकलच्या कारखान्यात पाळ्या करण्यात गेला. आमच्याकडे पाळी सुटताना लॉगबुक भरायचं. काय बिघडलं, का बिघडलं, उपाय काय. मग ते टेबलावर उघडं ठेवायचं, पुढच्या पाळीच्या माणसाने वाचून खाली सही ठोकायची, की चार्ज घेतला. लोक म्हणे डायरी कपाटात कुलपात ठेवतात. मला ते कधी सुचलंच नाही. मी वही जेवणाच्या टेबलावर उघडी ठेवायचो, खाली सहीची जागा आखून. स्वाती आधी खो खो हसली, मग हौसेने सही करायला लागली. लाल पेनाने, चांगली झोकदार. ते दिवस मजेचे होते, तात्या.

मग मी एकदा लिहिलं, 'बोंबलाचं कालवण खारट. कारण: रांधताना केळव्याला फोन. उपाय: फोन आवरणे.' यात खोटं काय आहे? पलीकडून तर तुम्हीच बोलत होता! पुढे 'चहा उशिरा. कारण: मालिका.' मग 'फ्रीजचं दार उघडं. कारण: विसराळूपणा (जुनाट).' तुमचीही नोंद आहे. ('तात्या आले. नारळ आणले. तोच किस्सा पुन्हा सांगितला.' नारळांचा उल्लेख आहे बघा, मी पक्षपात करत नाही.) आणि एका सकाळी बघतो तर सहीच्या जागी लाल अक्षरं, 'तुमच्या वहीत मी फक्त बिघडते. चार्ज घेणार नाही.' तोवर बाईसाहेब पिशवी भरून एसटी स्टँडवर!

अहो, बिघाड लिहायचा नाही तर लॉगबुक ठेवायचं कशाला? पंप नीट चालला म्हणून कोणी त्याचे गोडवे लिहितं का? (हे मात्र तिला वाचून दाखवू नका.)

माझं इथे काही अडलेलं नाही. दोन्ही वेळेला पिठलं जमतं. नवापूरची दीपा मासे घेऊन दारात आली होती. मी पापलेट मागितलं तर टोपली उचलत म्हणते, "वहिनी नाय तर तुमाला पापलेट देनार नाय. चांगलं मावरं वाया घालवाल तुमी." गेली! तिचीही नोंद केली मी. तेव्हा तात्या, मी माफी मागणार नाही, न्यायला येणार नाही आणि वही तर मुळीच बंद करणार नाही. तिला यायचं तर दार उघडं आहे.

आपला,
प्रदीप

ता.क. रिकामा वेळ होता म्हणून काल नीट चालणाऱ्या गोष्टी लिहायला बसलो. 'सकाळचा चहा: नाही. दारात रांगोळी: नाही. तुळशीला पाणी: मी घातलं, जास्त झालं, कोणी ओरडलं नाही. घर: खायला उठतं.' लिहिता लिहिता पान भरलं, मागे उलटून लिहावं लागलं. तिला म्हणावं, ही माफी नव्हे, फक्त रीडिंग आहे.

ता.क. २. कारखान्याचा एक नियम स्वातीला पाठ आहे. पुढच्या पाळीचं माणूस येऊन सही करत नाही तोवर आधीच्याने जागा सोडायची नाही, मग डबल ड्युटी होवो नाहीतर तिबार. असा मी किती वेळा अडकलो आणि ती तशीच न जेवता माझं ताट झाकून बसली. आता पुन्हा अडकलोय. जागा सोडता येत नाही, म्हणून रविवारी वहीच घेऊन केळव्याला येतोय. लाल पेन ती बरोबर घेऊन गेली आहे. तेवढं तिला शोधून ठेवायला सांगा.