बटणांच्या जागा

प्रिय खटपट्या,

फोन केला नाही, कारण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. माझं एक वाक्य संपायच्या आत तुझी नवी रचना सुरू होते. तेव्हा आता मुकाट्याने वाच. मी रागावले आहे आणि राग निवायची वाट न बघता लिहिते आहे.

आईच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यासाठी आपण दोघांनी वेब ॲप करायला घेतलं, तो रविवार आठवतो? जेवणाचं टेबल रिकामं करून आधी नुसती फोल्डरंच आखत बसलो होतो. पेशंटचं एक, वेळापत्रकाचं एक, सगळीकडे लागणारी बटणं तिसऱ्यात. ज्याची त्याची जागा ठरली की निम्मं काम झालं, असं तूच तेव्हा पोक्तपणे म्हणाला होतास. मला केवढं कौतुक वाटलं होतं तुझं. ॲप दिसायला ओबडधोबड झालं, पण चाललं. रोज सकाळी आई एकेका ओळीवर ‘नक्की करा’ दाबायची, पेशंटला निरोप जायचा. तिचं तेवढ्यावर भागत होतं.

मग तुला तिकडे मोठी नोकरी लागली आणि तुझे हात शिवशिवायला लागले. ॲप बांधायचं नवं फ्रेमवर्क आलं की आपलं पाडायचं आणि पहिल्यापासून उभारायचं. घडी बसली रे बसली की विस्कटायची, ही तुझी जुनीच खोड. लहानपणी घरातला रेडिओ उघडायचास तू, स्क्रू शोधत फिरायचे मी. कोरं प्रोजेक्ट उभारताना तुझा चेहरा जेवढा फुलतो, तेवढा ते कुणी वापरताना कधी फुलला नाही. हटकलं तर म्हणालास, आईला आवडलंय, तिनेच सांगितलं. सांगणारच ती! तू काही दाखवलंस आणि तिने नाक मुरडलं, असं जन्मात झालंय का?

परवा दुपारी मी दवाखान्यात डोकावले, तर ती एकटीच बसलेली. धुतलेला पांढरा कोट, खाटेवर घड्या घातलेले टॉवेल आणि पेशंट एकही नाही. सकाळपासून वाट बघत होती. मी कॉम्प्युटर पाहिला, तर दिवसभराच्या सगळ्या वेळा तिने स्वतःच्या हाताने रद्द केलेल्या. या खेपेला तू न सांगताच नवं चढवलंस, आणि जिथे ‘नक्की करा’ होतं तिथे ‘रद्द करा’ आणून ठेवलंस. हो, रंग वेगळा आहे, अक्षरं ठसठशीत आहेत, ज्याला दिसतं त्याला दिसेल. आईला दिसत नाही रे.

मलाही परवाच कळलं. समोरचं सगळं धूसर, कडेचं तेवढं थोडं दिसतं. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी तिला कधीच सांगून ठेवलंय. पेशंट आवाजावरून ओळखू येतात, खांदे-गुडघे हाताला कळतात, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. ॲप ती बटणांच्या जागा पाठ करून चालवत होती. तू जागा बदलल्यास की पुन्हा पाठ करायची, आणि तुला फोनवर छान झालंय म्हणायची. परवा मात्र मला म्हणाली, “विसरायला लागले वाटतं मी. आता दवाखाना बंद केलेलाच बरा.” तुझ्या हौसेपायी माझ्या आईला स्वतःच्या डोक्याची खात्री वाटेनाशी झाली! अंगाचा तिळपापड झाला माझ्या.

आज मी जुनं ॲप पुन्हा चढवलं आणि तुझा प्रवेश बंद केला. उद्या पासवर्ड चालणार नाही, खुशाल चीड. खरं तर हे तुला सांगायचंच नव्हतं. बटण तू हलवलंस हे कळल्यावर आईने माझा हात धरला आणि म्हणाली, “त्याला यातलं काही कळवू नकोस. हौसेने करतो गं तो.” तिचं न ऐकता हे पत्र टाकते आहे. तिला फोन कर. “आई, तुला काय दिसतं?” एवढंच विचार. आणि ती छान म्हणाली, तर विश्वास ठेवू नकोस.

तुझीच, अजून धुमसणारी,
ताई