आला, गेला

४ ऑगस्ट, सोम.
संतोषचा फोन, बोटीवरून. २४ला येतोय, गणपतीच्या आधी! आई (सासूबाई) लगेच नारळ मोजायला बसल्या. बोलता बोलता म्हणाला, "अर्धं वर्ष तर मी घरीच असतो गं." हसत म्हणाला. डोकं सणकलं माझं. अर्धं वर्ष म्हणे!

५ ऑ., मंगळ
ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत आमच्या कंटेनर यार्डाचीच ऑनलाइन शीट कॉपी केली. कंटेनर आत, कंटेनर बाहेर. वरची नावं बदलली: आला, गेला. मधले दिवस घरचे. त्याच्या पासपोर्टच्या शिक्क्यांचे फोटो मोबाईलमध्ये होतेच. शेवटच्या ओळीत 'आला'खाली २४ आत्ताच भरून टाकली, 'गेला' रिकामं. यार्डातली खोड, बोट लागायच्या आधीच 'आत' भरायचं.
एकूण: उणे चव्वेचाळीस हजार नऊशे काहीतरी दिवस. म्हणजे हा माणूस घरी कधी आलाच नाही, उलट आम्हीच देणं लागतो. एकटीच हसत बसले.

६ ऑ.
अकाउंटच्या पाटीलबाईंना दाखवलं. "अगं, तारीख म्हणजे त्याच्या लेखी १९००पासून मोजलेले दिवस, आणि रिकामा चौकोन ते शून्य धरतं. दोन्ही तारखा असतील तरच वजाबाकी कर, नाहीतर ओळ सोडून दे, असं सांग त्याला." सांगितलं. बरोबर आलं.
घरी जेमतेम अडीच वर्षं. लग्नाला अकरा झाली.
"कुणाचे कंटेनर गं हे?"
"आमचाच एक आहे." डबा तसाच परत आणला.

१० ऑ., रवि.
सं.चा फोन. बदली माणूस मिळत नाही, कॅप्टन म्हणतो अजून चार महिने थांब. पगार वाढवून देतील. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. "तू सांगशील तसं."
मी म्हटलं, "बघ तुझं तू."
का म्हटलं असं? ये म्हणायचं होतं. एवढंसं तर...
आई आतून, "कवा येनार हाय तो?" म्हटलं, लाईन कट झाली.

११ ऑ.
२४ पुसली. बेरीज तीच. आता शेवटची ओळ अख्खी रिकामी, फॉर्म्युला तिच्याकडे बघतही नाही. मीच तसं सांगितलंय त्याला.
हे आत्ताचे दिवस, जे मी काढतेय, ते कुठेच धरले जात नाहीत. फार एकटं वाटलं आज. बसमध्ये रडू आलं, खिडकीकडे तोंड केलं.

१३ ऑ., बुध
शीटची लिंक त्याला पाठवली. खाली लिहिलं: 'अर्धं वर्ष म्हणालास ना, बघ. मला पगार नको वाढवून. तू ये.' मेलं, अकरा वर्षांत पहिल्यांदा सरळ बोलले.
अजून वाचलं नाही.

१४ ऑ.
वाचलं. दिवसभर फोन उघडून उघडून बघत होते.

१५ ऑ., शुक्र.
संध्याकाळ. सहज शीट उघडली तर तो आत! वर त्याचं नाव, आणि शेवटच्या ओळीत 'आला'च्या रिकाम्या चौकोनाभोवती हिरवी कड, त्याच्या कर्सरची. तिथेच बसलाय. लिहीत नाही, हलतही नाही.
मी पण काही टाइप करत नाहीये. धक्का लागेल असं वाटतं.
आई विचारतायत, "भात दोगींचाच लावू ना?"
म्हटलं, आई, थांबा जरा.