भावोजी येईपर्यंत थांबू नये

मी, नलिनी देवदत्त मेस्त्री, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त विज्ञान शिक्षिका, राहणार मुलुंड पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. शंका असल्यास डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. तशी कोणाची हिंमतही नाही. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. माझं हृदय. वकील म्हणाले, आधी घर लिहितात. घर थांबू शकतं. मी गेल्यावर माझं हृदय डॉ. श्रुतिका यांच्या प्रयोगशाळेला ताबडतोब द्यावं. मृत्युपत्र तेराव्यानंतर वाचायची आपली पद्धत; म्हणून या कलमाची प्रत आजच दाराच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे.

कारणही लिहून ठेवते. आमच्या घरात हृदयाचा स्नायू सैल पडून हृदय फुगण्याचा आजार आहे. त्यात माझे पती गेले, मग मुलगा सुबोध. जनुकं प्रत्येक पेशीत तीच असतात. त्यांतली कोणती कामाला लागली आहेत, हे पेशीतल्या आरएनएवरून कळतं. आजारी आणि निरोगी स्नायू शेजारी ठेवून हा फरक मोजतात आणि त्यावरून रक्तात आधीच दिसेल अशी खूण शोधतात. पण माणूस गेल्यावर आरएनए काही तासांत नासतो.

सुबोध गेला तो सकाळी. हृदय संशोधनाला द्यावं असं त्यानेच सांगितलं होतं; सून शुभाने सही केली होती. मग कणकवलीहून दीर अंबादास यांचा फोन आला.

"वैनी, पोराचा तोंड बघल्याशिवाय कोणी हात लावूचो नाय!"

मी म्हटलं, "भावोजी, तोंड तसंच राहील. छातीतून घेणार आहेत."

"माणूस काय फणस आसा, गरे काढून पाठवूक?"

शुभा रडत म्हणाली, "आई, थांबू या ना. वडिलांमागे काकांनीच केलंय त्याचं."

सगळे थांबले. महामार्गावर ट्रक उलटला होता. भावोजी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. श्रुतिका माझी जुनी विद्यार्थिनी. बर्फाची पेटी रिकामीच उचलत ती म्हणाली, "बाई, आता घेऊन उपयोग नाही."

माझं हृदय ठणठणीत आहे. आजारी मुलगा आणि निरोगी आई, अशी जोडी त्यांना हवी होती. आता नुसती आईच मिळेल. त्यातून फारसं काही हाती लागेल असं श्रुतिकाला वाटत नाही. मलाही नाही. तरी द्यावं. या घराण्यातलं आजारी हृदय आता एकच उरलं आहे, माझी नात गंधाली हिचं. ते मात्र कोणी मागू नये.

२. पतींची सुतारकामाची हत्यारं, म्हणजे रंधा, पटाश्या, करवत, भावोजींना. त्यांच्या हाताबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. मात्र माझ्या वेळी त्यांना फोन हृदय घेऊन झाल्यावरच करावा. नंतर हवं तितका वेळ तोंड पाहू द्यावं.

३. बँकेतली ठेव आणि पाटल्या शुभाला. तिने पुन्हा लग्न केलं तरी तिच्याच. केलं तर बरंच.

४. मुलुंडचं घर गंधालीला. ती एकोणीस वर्षांची आहे. यंदा तिच्या इकोत डावा कप्पा मोठा दिसला.

"बरं करणारं औषध आहे का गं आजी?"

"बरं करणारं नाही. पुढे ढकलणारं आहे."

"मग झकास. ढकलू या," म्हणाली आणि कानात इअरफोन घातले.

गोळ्या घ्यायला ती विसरते. माझ्यानंतर शुभाने आठवण करून द्यावी. पोरगी ओरडेल. ओरडू द्यावं.

वकिलांच्या मसुद्यातली एक कोरी ओळ याच कलमाखाली उतरवली आहे: सदर लाभार्थी माझ्याआधी मरण पावल्यास हे घर कोणाला. सगळ्यांनाच विचारतात, म्हणाले. ती ओळ मी आडवी रेघ मारून बंद केली आहे. तिथे कोणीही नाव लिहू नये.

वरचं सर्व मी वाचून, दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली आहे. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या. त्यांना या मृत्युपत्रातून काही मिळणार नाही. चहा मिळाला आहे.

सही: नलिनी देवदत्त मेस्त्री

साक्षीदार:
१. हर्षद दोशी, शेजारी
२. वनमाला केळुसकर, निवृत्त मुख्याध्यापिका

स्थळ: मुलुंड पूर्व, मुंबई
दिनांक: ९ ऑक्टोबर २०२५