हलका चाप

९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. तुझी पाठ आता कशी आहे? वहिनीला सांग, तिने विणलेला स्वेटर खांद्यात नेमका बसला, बाह्या मात्र चार बोटं लांब आहेत. ती मला अजून वाढत्या अंगाची समजते बहुतेक. सेहेचाळीस पुरी झाली म्हणावं.

दुकान ठीक चाललंय. मनगटी घड्याळं कमी येतात, भिंतीवरची जास्त. बाबांचं टेबल खिडकीकडे सरकवलं, उजेड बरा येतो.

आता एक बातमी. हसायचं असेल तर हस, रागवायचं असेल तर आधी शेवटपर्यंत वाच. मी रिव्हॉल्व्हर चालवायला शिकतेय.

झालं असं की नेमबाजी क्लबातलं टार्गेटं फिरवायचं यंत्र बिघडलं. तुला सांगायला नको, सात सेकंद ती पाठ करून उभी असतात आणि तीन सेकंद तोंड दाखवतात. तर ती कधी अडीच सेकंद तोंड दाखवायची, कधी चार. नेमबाज एकमेकांच्या जिवावर उठले होते म्हणे. वेळेचं काम म्हणून कुणीतरी माझं नाव सुचवलं. एकोणीस वर्षांत मी त्या फाटकातून आत पाऊल टाकलं नव्हतं. गेले. एका चाकाचे दोन दात झिजले होते, बाकी काही नाही. काम दीड तासाचं होतं. मी निघाले साडेचार तासांनी.

कारण मला कळेचना, माणसं त्या तीन सेकंदांत करतात काय? मी मागे उभी राहून घड्याळ लावलं. हात खाली, टार्गेट वळलं की वर, एक गोळी, पुन्हा खाली. कच्चा नेमबाज हात सावकाश उचलतो आणि बोटाची घाई करतो. पक्का नेमबाज हात झपकन आणतो आणि उरलेला सगळा वेळ बोटाला देऊन टाकतो. हे मी तिसऱ्या माणसापर्यंत ओळखलं आणि मग माझा पाय निघेना.

क्लबची शस्त्रं दुरुस्त करणारे मिस्त्री अजून तिथेच आहेत. सत्तरी ओलांडली. त्यांनी मला ओळखलं की नाही कोण जाणे, पण म्हणाले, नुसतं बघून काय कळणार, हातात घेऊन बघ. मग रीतसर अर्ज, कागदपत्रं, सुरक्षिततेचे धडे, सगळं केलं. आता आठवड्यातून दोन सकाळी जाते.

अडलंय ते असं. माझ्या दहांतल्या सात गोळ्या डावीकडे खाली जातात. मारते उजव्या हाताने. मिस्त्री म्हणतात, कारण तुझं तू शोध. पण घरात एवढा मोठा नेमबाज असताना बाहेर शोधत का बसू? तू या विषयावर बोलत नाहीस हे ठाऊक आहे. पत्रात बोलावं लागत नाही, लिहिलं की झालं.

तुझी,
चिमटी


२ एप्रिल

प्रिय दादा,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी, त्याही भूमितीच्या मास्तरांना शोभतील अशा. "नजर पुढच्या माशीवर, टार्गेट धूसर दिसलं पाहिजे. मनगट हलू देऊ नकोस. चाप ओढू नकोस, दाबत जा. मिस्त्रीपासून लांब राहा."

पहिल्या तीन ओळींनी माझं भलं केलं. चौथी मी वाचली आणि कार्ड घडी करून ठेवलं.

माशीचं आधी सांगते. नळीच्या टोकावरची ती माशी मला स्पष्ट दिसतच नव्हती, वयाचा चष्मा. साध्या चष्म्याने टार्गेट छान दिसतं, वाचायच्या चष्म्याने हाताचा तळवा. मधलं काहीच नाही! चष्मेवाल्याकडे गेले, दोरीने खांद्यापासून माशीपर्यंतचं अंतर मोजून दिलं आणि म्हटलं, मला एवढ्याच अंतरावरचं बघायचंय, उजव्या डोळ्याने. त्याने दोनदा विचारलं, एवढ्या अंतरावर असतं काय? मी खरं ते सांगितलं. नंतर तो फार अदबीने बोलला.

मूठही बदलली. क्लबची मूठ पुरुषी हाताची, माझं बोट चापावर जेमतेम टोकानेच पोचायचं, त्यामुळे दाबताना नळी डावीकडे ढकलली जायची. अक्रोडाच्या लाकडाची नवी मूठ करायला घेतली. थोडं घासायचं, धरून बघायचं, जिथे टोचेल तिथे पेन्सिलची खूण, पुन्हा घासायचं. सोळा दिवस लागले. आता डोळे मिटून हात उचलला तरी माशी मागच्या खाचेत बरोबर मधोमध येते. दादा, हा शोध मला कुणी सांगितला नव्हता. त्या दिवशी मी दुकान तासभर उशिरा उघडलं.

राहिलं 'खाली' जाणं. मिस्त्रींनी एकदा माझं रिव्हॉल्व्हर स्वतः भरून दिलं. तिसऱ्या गोळीला चाप दाबला तर बार उडालाच नाही, आणि नळी मात्र चांगली वीतभर खाली गेली. त्यांनी मध्येच एक रिकामं काडतूस घातलं होतं. धक्का नव्हता, आवाज नव्हता, तरी माझा हात धक्क्याच्या भीतीने आधीच दचकला होता. इतकी लाज वाटली! पण मजाही वाटली. आपलाच हात आपल्या पाठीमागे काय करतो हे बघायला कुठे मिळतं? आता रोज सकाळी दुकान उघडण्याआधी खोटी काडतुसं घालून भिंतीवरच्या कोऱ्या कागदासमोर पन्नास वेळा चाप दाबते. माशीवर एक नाणं ठेवते. पडलं नाही तर दाब खरा. काल एक्केचाळीस वेळा पडलं नाही.

आता तुझ्या चौथ्या ओळीबद्दल. मिस्त्रींपासून लांब राहणं मला जमत नाही, कारण शिकवणारे तेच आहेत. आणि त्यांची एक गोष्ट मला चैन पडू देत नाही. एखादी स्प्रिंग बसवली की ते चापाला वजनं टांगून तपासतात. मग सगळं खोलतात, पुन्हा जोडतात, पुन्हा तपासतात. मग तिसऱ्यांदा. लोक हसतात. एकाने तोंडावर विचारलं, विसरता का हो तुम्ही? ते म्हणाले, हो, विसरतो.

ते काहीही विसरत नाहीत, दादा. माझ्या मार्चमधल्या गोळ्या कुठे लागल्या ते त्यांना तोंडपाठ आहे.

आता थांबते. गिऱ्हाईक आलंय.

तुझी,
चिमटी


२० जून

प्रिय दादा,

मागच्या पत्रात गिऱ्हाईक आलं होतं असं लिहिलं. कुणी आलं नव्हतं.

हे पत्र एका बैठकीत लिहायचं ठरवलंय. बाकी ख्यालीखुशाली आज नाही.

मे महिन्यात माझ्या गोळ्या अडकून बसल्या, प्रगतीच होईना. सगळे म्हणाले, चाप जड आहे, हलका करून घे. मिस्त्रींना म्हटलं. ते नाही म्हणाले. जड चाप बोटाने जिंकायचा असतो, कानसीने नाही, म्हणाले. हेच शब्द त्यांनी तुलाही ऐकवले होते, तू जेवताना सांगायचास. मी हटून बसले, निदान दाखवा तरी, काय बिघडतं? तेव्हा त्यांनी एक भंगारातलं रिव्हॉल्व्हर काढलं. काडतुसावर आपटणाऱ्या घोड्यामागे ताण देणारी पोलादी पट्टी असते, ती घासून पातळ केली. चाप लोण्यासारखा झाला. मग काडतुसं भरली, बाहेर नेलं. सरावाची सहाच्या सहा उडाली. मग स्पर्धेची भरली. त्यांच्या बुडाच्या टोप्या, ज्यांच्यावर घोडा आपटला की बार उडतो त्या, कडक असतात. दोन उडाली नाहीत. ती दोन त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. टोपीवर घोड्याच्या टोकाचा वण होता, पण उथळ. नख टेकवल्यासारखा.

तो वण मी आधी पाहिला होता. एकोणीस वर्षांपूर्वी अंतिम फेरीहून येऊन तू न उडालेली दोन काडतुसं बाबांच्या टेबलावर आपटलीस, ती मी भिंगाखाली धरली होती. पहिलं उडालं नाही तेव्हा तुला पुन्हा संधी मिळाली. दुसऱ्यांदा नियमात संधी नसते. देशाच्या संघातली जागा गेली. पंचांनी रिव्हॉल्व्हर उघडलं तेव्हा पट्टी घासलेली निघाली, आणि गुरुवारी तपासणीला ते मिस्त्रींकडे होतं. तू सगळ्यांसमोर त्यांना काय काय बोललास ते मी प्रेक्षकांच्या गॅलरीतून ऐकलं. ते एवढंच म्हणत राहिले की मी हात लावलेला नाही.

त्यांनी लावला नव्हता. मी लावला होता.

तो शनिवार होता. तू दुपारचा झोपला होतास, रिव्हॉल्व्हर साफ करायला माझ्याकडे होतं. आठवडाभर तुझं एकच चाललं होतं, चाप जड आहे, मिस्त्री ऐकत नाही. मी सत्तावीस वर्षांची, घड्याळातल्या केसाएवढ्या स्प्रिंगा हाताळणारी. मला वाटलं, एवढीशी तर पट्टी. आत काय आहे ते बघायचंही होतं, खोटं कशाला बोलू? बारीक दगडावर घासली, चकाकी दिली, बसवली. संध्याकाळी, गुरुवारच्या तपासणीनंतर पहिल्यांदाच, तू क्लबात सरावाच्या दहा गोळ्या झाडून आलास, सगळ्या उडाल्या. आणि म्हणालास, "मिस्त्रींनी शेवटी ऐकलं वाटतं." तू इतका खूश होतास. मी मनाशी म्हटलं, उद्या जिंकून आलास की सांगेन.

नंतर सांगितलं नाही. आधी भीती वाटली. मग तू नेमबाजी सोडलीस, मग गाव सोडलंस, आणि मी स्वतःला समजावलं की कारण काडतुसांचंही असू शकेल. खात्री कुठे आहे? मी जन्मभर दिसेल ती वस्तू उघडून बघितली, दादा. ही एकच उघडली नाही. उघडायला लागले असते तर एका दुपारचं काम होतं, तेही मिस्त्रींनीच करून दाखवलं.

त्याच जागी उभी राहून मी त्यांना सांगितलं. त्यांनी दोनदा सांगायला लावलं. मग बाकावर बसले. म्हणाले, पहिली दोन वर्षं त्यांना पक्कं माहीत होतं की आपण हात लावलेला नाही. तिसऱ्या वर्षी वाटायला लागलं, एवढे लोक म्हणतात तर केलं असेल, आपणच विसरलो असू. तेव्हापासून प्रत्येक स्प्रिंग तीनदा. "म्हणजे माझं डोकं ठिकाणावर होतं," एवढं म्हणाले आणि आत गेले.

अठरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी जायची, माझी माझी गोळ्या झाडायची, यायची. एकोणिसाव्या दिवशी जवळ आले.

"भावाला सांगितलंस?"

"नाही."

"मग अर्धंच काम केलंस."

उरलेलं अर्धं हे. माफी मागायचा शब्द मी चार वेळा लिहून खोडला. तो लिहिला की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि ते तुझ्यावर लादायचा मला हक्क नाही.

तुझी बहीण


११ ऑगस्ट

प्रिय दादा,

तुझं कार्ड आज सकाळी आलं.

बावन्न दिवस काहीच आलं नाही तेव्हा मी समजले होते की आता येणार नाही. वहिनीने मध्ये फोनवर सांगितलं की तू मिस्त्रींना पत्र लिहिलंस, आणि ते गाडीत बसून तुमच्याकडे आले. तीन तास तुम्ही दोघं अंगणात खुर्च्या टाकून बसलात, चहा दोनदा गार झाला, आणि तिला काही ऐकू आलं नाही. मिस्त्री परत आल्यावर मला काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. विचारायचं नाही असं काहीतरी माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच असेल.

रविवारी क्लबाची स्पर्धा झाली. चौदांत माझा अकरावा नंबर. तीन सेकंदांच्या फेरीत मात्र मी पाचवी होते. चाप जडच होता.

तुझ्या कार्डावर नमस्कार नाही, नाव नाही, एकच प्रश्न आहे: "पट्टी किती घासली होतीस?" मी तीनदा वाचला. रागाने विचारलास की भूमितीच्या मास्तरांना आकडा हवा म्हणून, हे अक्षरावरून कळत नाही. पण प्रश्न विचारलास.

तेव्हा मोजमाप घेतलं नव्हतं. बोटाच्या अंदाजाने गेले, तीच तर चूक. आज दुपारीच मिस्त्रींकडून तशीच पट्टी घेऊन पुन्हा घासली, त्या दिवशी लागला होता तोच हलकेपणा येईपर्यंत, आणि मापून पाहिली. घासली गेली ती पोस्टकार्डाच्या जाडीच्या निम्म्याएवढी, मिलिमीटरचा आठवा भाग. जास्त नाही.

एवढ्यानेच झालं, दादा.

आणखी काही विचारायचं असेल तर विचार. जे विचारशील त्याचं खरं उत्तर देईन, लगेच देईन.

तुझ्या उत्तराची वाट बघणारी,
पण नाही आलं तरीही तुझीच,
चिमटी