आधी लाल दिवा मालवतो

सोमवार, ९ फेब्रुवारी
दुपार

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. नमस्कार घ्यायचा नसेल तर राहू दे, पण पत्र शेवटपर्यंत वाच. फोन तू उचलत नाहीस आणि वहिनी उचलते तेव्हा दर वेळी "ते अंघोळीला गेलेत" म्हणते. सहा महिने माणूस इतक्या अंघोळी करत नाही. पण मी तिला काही बोलले नाही. तिची तरी त्यात काय चूक?

आई माझ्याकडे बरी आहे. गुडघे दुखतात, तोंड मात्र ठणठणीत आहे. नळ गळतो तिथपासून माझ्या पांढऱ्या केसांपर्यंत दिवसभर काही ना काही चालू असतं. तुझी चौकशी रोज करते. मी "दादा कामात आहे" सांगते, पण आता तिला ते पटत नाही. भाचीची परीक्षा कशी गेली तेही तिला कळायचंय.

माझं म्हणशील तर मी दमलेय. झोप होते, जेवण होतं, तरी सकाळी उठावंसं वाटत नाही. आमच्या कंपनीच्या चाचणीच्या खोलीत तुमच्या हॉस्पिटलच्या लॅबसारखंच सगळं मांडून ठेवलंय. रक्त तपासायचं मशीन, त्याचा कॉम्प्युटर, लेबलं छापायचा प्रिंटर, नळीवरचा बारकोड वाचणारा रीडर, निकाल साठवायची डिस्क. रक्ताऐवजी आम्ही मिठाचं पाणी घालतो. आणि मी त्यापुढे बसून सगळं बंद पडायची वाट बघते. डॉक्टरला निदान पेशंट आजारी पडायची वाट बघावी लागत नाही.

झालं असं, की डिसेंबरात दोन लॅबमधून तक्रारी आल्या. चालता चालता कॉम्प्युटर थिजतो. पडद्यावरचं घड्याळ होतं तिथे थांबतं, माउस हलत नाही, कुठलंही बटण दाबा, ढिम्म. वीज बंद करून परत चालू करणं एवढाच इलाज. मग मी इथे मशीन चालवून बघायला लागले. आठ दिवस ते शहाण्यासारखं चाललं. नवव्या दिवशी मी खोलीला कुलूप लावून चहाला गेले. परत येऊन बघते तर पडद्यावर अकरा वीस, आणि भिंतीवर बारा वाजायला पाच. मशीन चालू असताना कॉम्प्युटर स्वतःची एक नोंदवही लिहीत असतो. त्यात चार ओळी होत्या. रीडर तुटला, प्रिंटर तुटला, मशीन तुटलं, डिस्क तुटली. चारी एकाच सेकंदाला.

खोलीत कुणी नव्हतं. किल्ली माझ्या पर्समध्ये होती.

साहेब बोलावतायत. उरलेलं नंतर लिहिते.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

साहेबांनी बोलावलं नव्हतं. मला पुढचं लिहवेना, म्हणून पेन खाली ठेवलं.

ऑगस्टातली ती सकाळ तुला मी काय सांगणार. तुमचा कॉम्प्युटर थिजला आणि साठ जणांचे निकाल गेले. साठ जणांना परत बोलावून परत सुई टोचावी लागली. त्यात दोन महिन्यांचं एक बाळ होतं, त्याची आई कॉरिडॉरमध्ये तुला काय काय बोलली तेही मला नंतर कळलं. कंपनीने तपासाला मलाच पाठवलं. सगळ्यांसमोर हात मागे बांधून उभा राहिलास आणि मला "मॅडम" म्हणालास. आपण भाऊबहीण आहोत हे तूही सांगितलं नाहीस, मीही नाही.

"मॅडम, मी वायरीला हात लावलेला नाही," तू म्हणालास. "आधी रीडरचा लाल दिवा मालवतो, मग सगळं थिजतं. मी तीनदा पाहिलंय."

"दिव्याचा यात काही संबंध नाही," मी म्हणाले.

नोंदवहीत तेव्हाही त्याच चार ओळी होत्या. चारी वस्तू एकदम तुटल्या म्हणजे कुणीतरी मुख्य वायर ओढली, असा मी हिशेब केला आणि रिपोर्टात लिहिलं, "चालकाच्या हातून केबल निघाली असावी." तुझ्या हाताने लिहिलेला जबाब माझ्याकडे होता. त्यातला लाल दिवा मी रिपोर्टात घेतलाच नाही. खरं सांगू का, भावाची बाजू घेतली असं उद्या कुणी म्हणू नये म्हणून मी जरा जास्तच ताठ झाले. परक्या माणसाला मी दोन प्रश्न जास्त विचारले असते.

सव्वीस वर्षं लॅबमध्ये काढलेल्या माणसाला हॉस्पिटलने गोदामात रिकाम्या नळ्या मोजायला बसवलं. मार्चअखेर तू निवृत्त होणार, आणि सेवापुस्तकातला शेवटचा शेरा "निष्काळजीपणा." तो शेरा माझ्या रिपोर्टामुळे आहे.

आता नक्की काय होतं ते सांगते. बराच वेळ नळी समोर आली नाही की रीडर डुलकी घेतो, तेव्हा त्याचा लाल दिवा मालवतो. एखादे वेळी त्याला जागं व्हायला वेळ लागतो. त्याच्याशी बोलणारा जो ड्रायव्हर, म्हणजे आम्ही लिहिलेला प्रोग्राम, त्याने जरा थांबावं आणि मग फक्त रीडरला हलवावं. आमचा ड्रायव्हर तसं करत नाही. तो यूएसबीचा कंट्रोलरच रीसेट करतो, म्हणजे बंद करून परत चालू करतो. रीडर, प्रिंटर, मशीन, डिस्क सगळी त्याच एका दारातून आत येतात, म्हणून चारी एकदम तुटतात. नेमका त्याच क्षणी डिस्कवर निकाल लिहिला जात असेल तर संपलंच. दार म्हणतं, डिस्कचं काम उरकलं की उघडतो. डिस्क म्हणते, दार उघडलं की काम उरकते. दोन पाहुणे उंबऱ्यावर "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत बसावेत तसं, आणि मागे सगळं घर खोळंबलेलं.

खरं तर "कंट्रोलर रीसेट केला" अशी पाचवी ओळ नोंदवहीत यायला हवी. ती येत नव्हती, कारण कुणीतरी ती गप्प केली होती. आमच्या कामात प्रत्येक ओळ कुणी आणि कधी लिहिली ते राहतं. मी उघडून पाहिलं. पाच वर्षांपूर्वीची तारीख, माझं नाव, आणि शेजारी माझीच टीप: "तात्पुरतं. नंतर नीट करू." रीसेट मी घातला होता. नोंदवहीत फार कचरा होतो म्हणून ती ओळ गप्पही मीच केली होती. म्हणजे चोरी माझी, पावलं पुसली मी, आणि तपासालाही मीच आले.

हे मला तेवीस जानेवारीला कळलं. आज बारा फेब्रुवारी आहे. मधले दिवस कुठे गेले ते तुला सांगायचं नव्हतं. मी साहेबांकडे गेले होते. ते म्हणाले, "पुढच्या अपडेटमध्ये गुपचूप दुरुस्त करून टाका. जुना रिपोर्ट कशाला उकरताय? तुमच्याच अंगाशी येईल." आणि मी हो म्हणाले. हो म्हणाले, दादा. दुरुस्ती अकरा ओळींची होती, एका दिवसात झाली. त्यानंतर मी रोज ऑफिसला आले, चहा प्यायले, मशीन चालतंय ना ते बघितलं आणि घरी गेले. तू गोदामात बसला आहेस हे मला रोज ठाऊक होतं.

रविवारी आई तांदूळ निवडत बसली होती. एकदम म्हणाली, "तू बाबांचं घड्याळ उघडून ठेवलं होतंस, आठवतं? तू कबूल करेपर्यंत दादा तुझ्याशी असाच बोलत नव्हता." मला चांगलंच आठवतं. तू बाबांना माझं नाव सांगितलं नाहीस आणि मला स्क्रू लपवूही दिले नाहीस. "तू सांग, मी शेजारी उभा राहतो," म्हणालास. तेव्हापासून तू मला खुडबुडी म्हणायला लागलास.

सोमवारी हे पत्र अर्धं टाकलं आणि नवा रिपोर्ट लिहायला घेतला. काल रजा टाकून, बसने येऊन, तुमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला. साहेबांना आज सकाळी सांगितलं, ते अजून माझ्याशी बोललेले नाहीत. माझं काय करायचं ते करतील.

बाईंनी सगळं वाचलं. चष्मा काढला आणि विचारलं, "हे गृहस्थ तुमचे कोण?"

"मोठा भाऊ."

"मागच्या वेळी का नाही सांगितलंत?"

त्यांनी चष्मा परत लावला. त्या म्हणाल्या, शेरा काढते, सोमवारी सही होईल आणि त्याच दिवशी तुला लॅबमध्ये परत बोलावतील. निघताना मी गोदामाच्या दाराशी आले होते. तू पाठमोरा बसला होतास, नळ्या दहा दहाच्या ओळीत लावत होतास. पाठीला जरा बाक आलाय तुझ्या. हाक मारायचं धाडस झालं नाही, तशीच परत फिरले.

माफी मागायला हे पत्र लिहीत नाही. सहा महिने परत देता येत नाहीत, एवढं मला कळतं. फोन उचलायचा की नाही ते तू ठरव. आईला मात्र एकदा कर, तिचा यात काही दोष नाही.

रिपोर्टाची नक्कल सोबत ठेवली आहे. तुझा जबाब या वेळी जसाच्या तसा, तुझ्या अक्षरात जोडलाय. आमच्या छापील रिपोर्टाच्या शेवटी "दोष कुणी शोधला" असा एक रकाना असतो. तिथे मी तुझं नाव लिहिलंय. "दोष कुणाचा" असा रकाना त्यात नसतो. तो मी खाली पट्टीने आखून घेतला आणि भरला.

मॅडम नव्हे,
तुझी
खुडबुडी