रेकॉर्डवरचं शेवटचं गाणं

मापो, सोल
किमचीचा कोबी महागला तो आठवडा

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या ग्वांग-सिकचा गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून नमस्कार. (खरंच टेकले. उठताना फ्रिजचं दार धरावं लागलं, ते उघडलं, आणि तू पाठवलेल्या मोहरीच्या पाल्याच्या किमचीचा डबा पायावर आला. तेव्हा हा नमस्कार लंगडत केलेला आहे असं समज.) तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचे कान कसे आहेत? गेल्या खेपेला मी फोनवर त्यांची तब्येत विचारली, तर त्यांनी मला योसूच्या भरतीची वेळ सांगितली. दोंग-ह्यॉकचं दुकान बरं चाललंय ना? आणि तो जपानी राइस कुकर, तो अजून आहे का? तुझ्या लग्नात मी पोटाला चिमटा काढून रेकॉर्ड प्लेयर दिला होता. भाऊजींनी 'घरात भोंगा नको' म्हणून तो बंदरावरच्या एका खलाशाच्या गळ्यात मारला आणि त्याच्याकडून हा कुकर आणला. दोंग-ह्यॉक शंभर दिवसांचा झाला त्या समारंभाचा भात त्यातलाच होता. मी दोन वाट्या खाल्ला, वर चांगला झालाय असंही म्हणालो. माझ्या मनात काही नाही. सहज आठवलं म्हणून लिहिलं.

आता इकडची हकीकत. टीव्हीवर तो जुन्या गाण्यांमागच्या कहाण्या सांगणारा कार्यक्रम असतो बघ, ज्यात प्रत्येक गाण्यामागे कोणीतरी मेलेलं असावंच लागतं. त्यांनी यंदा 'कोट घेऊन गेलास' हे गाणं घेतलं, कारण त्या रेकॉर्डची नवी आवृत्ती निघते आहे. मूळ ध्वनिमुद्रणाला हजर असलेल्यांपैकी गायिका छे उन-जा सोडली तर मी एकटाच शिल्लक, म्हणून मलाही बोलावणं आलं. मी आमच्या ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्रात ही बातमी कुणालाच सांगायची नाही असं ठरवलं होतं, पण पत्ते पिसताना सुटली. (त्या दिवशी मी प्रत्येक डाव हरलो, तरी सगळे माझ्याकडे आदराने बघत होते. असं सुख तू योसूत राहून काय जाणणार.) केस काळे केले. सून म्हणाली, "बाबा, आता फक्त केसच तरुण दिसताहेत." मी दुर्लक्ष केलं.

त्या गाण्याची खरी कहाणी तुला सांगतो, म्हणजे टीव्हीवर जे दाखवतील ते बघताना हसू आवरायला सोपं जाईल. गीतकार प्यो गुरुजी एकदा थंडीच्या ऐन कडाक्यात माशाचं तिखट कालवण ओरपायला एका खानावळीत गेले. बाहेर येऊन बघतात तर खुंटीवरचा नवा कोट कोणीतरी घालून पसार. गुरुजी कुडकुडत स्टुडिओत आले आणि त्या रागाच्या भरात त्यांनी चोरावर गाणं लिहिलं: माझा कोट घेऊन गेलास, थंडी ठेवून गेलास, जाशील तिथे तुला खाज सुटो, वगैरे. त्या काळी प्रत्येक गाणं आधी सरकारी तपासणी समितीकडे पाठवावं लागायचं. समितीने ते परत पाठवलं, कारण त्यातून 'अज्ञात नागरिकाबद्दल अविश्वास' पसरत होता. गुरुजींनी खाजेची ओळ काढली, 'चोरा' होतं तिथे 'राजसा' घातलं, बाकी शब्दाला हात लावला नाही. समिती गहिवरली. तेव्हापासून सगळा देश एका भुरट्या चोरासाठी डोळे पुसतो आहे.

आणि उन-जाच्या आवाजातली ती सुप्रसिद्ध थरथर? स्टुडिओतली कोळशाची शेगडी फुसफुसायची आणि ते टेपवर यायचं, म्हणून गाणं सुरू करायच्या आधी ती बाहेर काढून ठेवत. आत बर्फ. व्हायोलिनवाले हातमोजे घालून बसलेले. उन-जाचे दात वाजत होते. तिसऱ्या कडव्यात तर दाराच्या फटीतून शेगडीचा धूर आत आला आणि ती खोकली, पण संगीतकाराला जेवायला जायचं होतं, म्हणून त्याने तेच राहू दिलं. हल्ली एक प्राध्यापक त्या खोकल्याला 'एका पिढीचा दाबलेला हुंदका' म्हणतात. त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं आहे, मी चाळलं, धुराचा उल्लेख नाही.

मी हे सगळं कॅमेऱ्यासमोर खुलवून सांगितलं. दिग्दर्शिका कू बाई सौजन्याने मान डोलावत होत्या, मग म्हणाल्या, "काका, सुंदर! आता हेच जरा रडवेलं करून सांगता येईल का? कोट घेऊन जाणारा सैनिक होता असं काही?" मी म्हणालो, तो खानावळीतला गिऱ्हाईक होता. त्या म्हणाल्या, "पण गिऱ्हाईकही नंतर सैनिक झाला असेल ना!" एवढ्यात काळा चष्मा लावून उन-जा आली. (वय विचारू नकोस, तिनेच विचारू दिलेलं नाही.) मला बघून म्हणाली, "अगं बाई, झाडूवाला मेंग! तू अजून आहेस?" (आपलं आडनाव तेवढं तिच्या लक्षात राहिलंय.) मी म्हणालो, तुझा खोकला कसा आहे? तर चष्मा किंचित खाली करून ती माझ्या कानात म्हणाली, "चाळीस वर्षं हुंदका म्हणून विकलाय रे. आता परत घेऊ का?" आणि लगेच कॅमेऱ्याकडे वळून सैनिकाला आठवून रडली. पहिल्याच झटक्यात. ताई, तू त्या बाईचा आवाज उंबऱ्याच्या आत येऊ देणार नाही अशी शपथ घेतली होतीस ना, ती योसूला गायला आली आणि भाऊजी पहिल्या रांगेत उभे राहून टाळ्या पिटत होते तेव्हा? ती शपथ किती योग्य होती हे मला आता पटलं.

'झाडूवाला' का, ते तुला माहीत आहेच, पण माझा अभिमान पुन्हा ऐक. त्या दिवसांत सरकारचा नियम होता की प्रत्येक रेकॉर्डवर एक तरी 'निरोगी' गाणं असलंच पाहिजे. उरलेली गाणी कितीही विरहाची, दारूची, पळून जाण्याची असोत, रेकॉर्ड संपायच्या आत नागरिकाला पुन्हा सरळ उभं करायचं. म्हणून उन-जा कोटासाठी तडफडून गप्प झाली की दोन क्षण शांतता, मग बिगूल, आणि मी: 'उठा शेजाऱ्यांनो, झाडू उचला, गल्ली हसू द्या!' हे गाणंही प्यो गुरुजींनीच लिहिलं, जेवण येईपर्यंतच्या वेळात. मी कोरसमधला साधा पोऱ्या. मला का निवडलं विचारलं, तर संगीतकार म्हणाला, "तुझ्या आवाजात दुःखाचा मागमूस नाही. समितीला संशयच येणार नाही." मला ती स्तुती वाटली. आजही वाटते. संपूर्ण आयुष्यात मी एकट्याने गायलेलं तेवढं एकच गाणं, आणि पाकिटामागे अगदी तळाला, बारीक का होईना, माझं नाव छापलं. ती रेकॉर्ड मी स्वतः रात्रगाडीने योसूला घेऊन आलो होतो. दोंग-ह्यॉक शाळेचं दप्तर पाठीला लावून दारात उभा होता, त्याने पाकीट हातात घेतलं आणि 'मामा, यात केक नाही?' म्हणून तोंड पाडलं होतं.

आणि आता ऐक खरा अपमान. नवी आवृत्ती काढणाऱ्या कंपनीत ताक नावाचा एक मुलगा आहे. (मुलगा म्हणजे चाळिशीचा, पण टोपी उलटी घालतो.) चित्रीकरण संपल्यावर त्याने मला गोड शब्दांत सांगितलं की नव्या रेकॉर्डवर झाडूचं गाणं नसेल. "आजोबा, लोक रडत असतात हो. त्यात एकदम बिगूल वाजला की मूड जातो." मूड! अरे, तो घालवण्यासाठीच तर ते गाणं होतं, सरकारी आदेशानुसार! मी एवढंच म्हणालो की त्या रेकॉर्डवर बारा गाणी होती, तुम्ही अकराच छापलीत तर ती तीच रेकॉर्ड कशी? ताई, तुझ्यापासून काय लपवायचं, मला रडू येत होतं. आणि कू बाईंचा कॅमेरा नेमका तेव्हा बंद होता.

मग दैवाने हात दिला. कंपनीची मूळ टेप हरवली आहे. (हरवली असं ते म्हणतात. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं की तिच्यावर पुढे सकाळच्या कवायतीचा कार्यक्रम भरला गेला.) त्यामुळे जुन्या रेकॉर्डींवरूनच गाणी उतरवून घ्यायची होती. ताकने देशभरातल्या शौकिनांकडून प्रती मागवल्या आणि आम्हा सगळ्यांना बसवून एकेक वाजवली. पहिली लावली: 'कोट घेऊन गेलास' ऐवजी नुसती चरचर, जणू उन-जा कढईत तळली जाते आहे. दुसरी तशीच. लोकांनी ते गाणं इतकं घासलंय की उजेडात धरलं तर तेवढाच पट्टा राखाडी दिसतो. पाचव्या प्रतीवर वैतागून ताक उठला आणि सुई उचलायची विसरला. तर काय! लख्ख बिगूल! आणि माझा आवाज, असा की मी शेजारच्या खोलीत उभा राहून गातोय. सगळे चाट पडले. ताकने आधीच्या प्रतींचा शेवट लावून बघितला. प्रत्येकीवर माझं गाणं नवंकोरं. मी छाती फुगवून म्हणालो, बघा, आवाजच तसा होता. उन-जाने चष्मा पुसत सांगितलं, "आवाज नाही रे येड्या. लोक सुई उचलायचे."

त्यावर मी जे बोललो ते माझं मलाच नंतर कळलं. मी म्हणालो, सगळे नाही उचलायचे. माझी ताई आहे योसूला. ती हे गाणं रोज ऐकते. या उन-जाबाईंचं गाणं ती कधीच लावत नाही, थेट माझ्या गाण्यावर सुई ठेवते. ताक खुर्चीवरून उडालाच. म्हणाला, "आजोबा, म्हणजे त्या प्रतीवर 'कोट' कोरा असेल!" आणि माझा हात धरून त्याने तिथेच कबूल केलं की ती प्रत मिळाली तर झाडूचं गाणं नव्या रेकॉर्डवर राहील, नावासकट. उन-जानेसुद्धा मान डोलावली. कोट तिला स्वतःलाही नीट ऐकायचा असणार.

बाकी इकडे सगळं ठीक. नातवाची परीक्षा आहे, तो अभ्यास करत नाही. थंडी पडू लागली आहे, कंबरेला ऊब दे. थोरामोठ्यांना माझे नमस्कार, लहानांच्या टपलीत एकेक.

तुझा धाकटा,
ग्वांग-सिक

ता. क. ती रेकॉर्ड पाठव. दोंग-ह्यॉकला म्हणावं दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून बांध, आणि किमचीच्या डब्यातून पाठवू नको. मागच्या वेळी तशा पाठवलेल्या चपलांना अजून वास येतो.

आणखी एक. पाठवायच्या आधी पाकिटातून काढून खिडकीपाशी धर आणि अगदी आतला, शेवटचा पट्टा बघ. राखाडी असेल तर लगेच पाठव. चकाकत असेल तर पाठवू नको. फुटली असं कळव. मीही ताकला फुटली म्हणून सांगेन. माझं गाणं गेलं तरी चालेल, पण त्या उन-जासमोर तुझी प्रत इतरांसारखीच निघालेली मला बघायची नाही.

आणि हे शेवटचं. लिफाफ्यावर पत्ता लिहिला, पत्र चिकटवण्याआधी एकदा वाचायला घेतलं, आणि पहिल्याच परिच्छेदात अडकलो. कुकर आला तेव्हा दोंग-ह्यॉक पाळण्यात होता. रेकॉर्ड आणली तेव्हा त्याच्या पाठीला दप्तर होतं. म्हणजे रेकॉर्ड तुझ्या घरी आली तेव्हा घरातला प्लेयर जाऊन वर्षं झाली होती, आणि भाऊजींनी नंतर हवामानाच्या रेडिओखेरीज काही वाजू दिलं नाही. मग ताई, तू रोज ऐकत होतीस ते कशावर? कुकरवर?

तेव्हा वरचा खिडकीचा मजकूर विसर. बघायची गरज नाही. दोन्ही बाजूंनी इतकी कोरी प्रत साऱ्या देशात दुसरी नसेल. उन-जाचा खोकला पहिल्यांदाच स्वच्छ ऐकू येईल, आणि माझं गाणं रेकॉर्डवर राहील, ते तू एकदाही ऐकलं नाहीस म्हणून. पाठव, आजच पाठव. मी चिडलेलो नाही. फक्त रविवारी फोन करशील तेव्हा, इतकी वर्षं शेवटी म्हणत आलीस तसंच म्हण, 'आजही तुझं गाणं ऐकलं रे'. ते म्हटल्याशिवाय फोन ठेवू नकोस.